२५ वर्षं विनाअपघात गाडी चालवली की सत्कार होतो. मग शेवटच्या गावाला रोज येणाऱ्या गाडीची नोंद कोण घेतं?

पौड (ता. मुळशी) : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट. या तीन दिवशी झेंडावंदन उरकलं की मोबाइलवर एक ठराविक फोटो फिरतो. एसटीच्या कार्यालयापुढं खाकी कपड्यातला चालक उभा, शेजारी नव्या साडीत त्याची बायको, हातात प्रशस्तिपत्र, गळ्यात हार. खाली लिहिलेलं असतं, "२५ वर्षे विनाअपघात सेवा, सपत्नीक सत्कार." आपण अंगठा दाखवतो आणि पुढं सरकतो.

मीही तसंच करायचो. एकदा भात लावणीच्या वेळी बांधावर बसून सहज हिशेब केला. समजा एक चालक दिवसाला २०० किलोमीटर गाडी चालवतो आणि वर्षात २८० दिवस ड्युटी करतो. वर्षाचे झाले ५६,००० किलोमीटर. २५ वर्षांचे १४ लाख. पृथ्वीला एक फेरा म्हणजे साधारण ४०,००० किलोमीटर. म्हणजे या माणसानं माणसं भरलेली गाडी घेऊन पृथ्वीला ३५ फेरे मारले आणि कुणाला इजा होऊ दिली नाही. तेही आपल्या रस्त्यांवर. ताम्हिणीचं धुकं, पिरंगुटचा घाट, भूगावातली कोंडी, अंधारात आडव्या येणाऱ्या म्हशी, आणि आडव्या येणाऱ्या मोटारसायकलीसुद्धा.

हा सत्कार नेमका कशाचा असतो, सार्वजनिक वाहतुकीतली चांगली कामगिरी मोजतात कशी, आणि त्या मोजण्यात आपल्या डोंगरपट्ट्यातली गाडी कुठं बसते, हे समजून घ्यायला पाहिजे. कारण बक्षीस ज्या आकड्यांवर मिळतं, त्याच आकड्यांवर फेरी चालू राहते किंवा बंद होते. हे दोन वेगळे विषय आहेत असं आपल्याला वाटतं. तसे ते नाहीत.

पहिला सत्कार लोकांनीच केला होता

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) या रस्त्यावर धावली. लाकडी बॉडीची गाडी. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे ही दोन नावं तेव्हापासून एसटीच्या इतिहासात कायमची आहेत. त्या गाडीला रस्त्यातल्या गावांनी हार घातले, बायांनी पूजा केली, असं सांगतात. म्हणजे सरकारी बक्षिसं सुरू व्हायच्या आधी लोकांनीच सत्कार केला होता.

आमच्याकडं अजून बरेच जण 'येष्टी'च म्हणतात. गावात पहिल्यांदा गाडी येते तेव्हा नारळ फुटतो, हळदकुंकू लागतं, चालक-वाहकाला टोपी-टॉवेल मिळतो. मी लहान असताना शेजारच्या वाडीत रस्ता झाला आणि गाडी आली, तो दिवस मला आठवतो. आमच्या आजीनं गाडीच्या चाकावर पाणी घातलं होतं, पाहुण्याच्या पायावर घालतात तसं. पण पहिल्या दिवशी नारळ फोडणारी माणसं हजाराव्या दिवशी गाडी आली की नाही हे बघतही नाहीत. यात मीही आलो.

आता बक्षिसं कोण देतं ते बघू.

एक प्रकार माणसाचा. वर सांगितलेला विनाअपघात सेवेचा सन्मान त्यातला. एसटीत जानेवारीत सुरक्षितता मोहीम असते, सुरक्षित सेवेचे बिल्ले असतात, आणि २५ वर्षं पूर्ण करणाऱ्याला रोख रक्कम आणि सपत्नीक सत्कार. सपत्नीक हे मला फार योग्य वाटतं. पहाटे चारला उठून डबा करून देणारी ती असते, आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून पोरांना गप्प बसवणारीही तीच.

दुसरा प्रकार जागेचा. एसटीनं २०२३ मध्ये 'हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे स्वच्छ, सुंदर बसस्थानक अभियान' काढलं. त्यात एक गोष्ट शहाणपणाची होती. राज्यातल्या बसस्थानकांचे शहरी, निमशहरी आणि ग्रामीण असे तीन गट केले आणि बक्षिसं गटाप्रमाणं ठेवली. म्हणजे तालुक्याच्या छोट्या स्थानकाला पुण्या-मुंबईच्या स्थानकाशी झुंजावं लागत नाही. अमेरिकेतही सार्वजनिक वाहतूक संस्थांची जी मोठी संघटना आहे, ती दर वर्षी उत्कृष्ट संस्था निवडताना असंच करते. वर्षाला ४० लाखांपर्यंत प्रवासी फेऱ्या असणाऱ्या छोट्या संस्थांचा गट वेगळा, मधल्यांचा वेगळा, मोठ्यांचा वेगळा. तालमीत वजनगट असतात ना, तसं. ५७ किलोच्या पोराला ९७ किलोच्या पैलवानासमोर कुणी उभं करत नाही.

तिसरा प्रकार संस्थेचा. देशातल्या राज्य परिवहन उपक्रमांची 'असोसिएशन ऑफ स्टेट रोड ट्रान्सपोर्ट अंडरटेकिंग्ज' नावाची संघटना दिल्लीत आहे. ती इंधन बचत, रस्ता सुरक्षा, गाड्यांचा पुरेपूर वापर अशा बाबींवर महामंडळांना गौरवते.

आणि चौथा प्रकार शहराचा. केंद्राचं गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालय दर वर्षी 'अर्बन मोबिलिटी इंडिया' परिषदेत शहरांना पुरस्कार देतं. आपल्या शेजारच्या पुण्याला तर याच्याही वरचा मान मिळालेला आहे. २०२० चा 'सस्टेनेबल ट्रान्सपोर्ट अॅवॉर्ड' हा जगातल्या शहरांसाठीचा पुरस्कार पुण्याला मिळाला. याआधी बोगोटा, सोल, आणि आपल्या देशातलं अहमदाबाद ही शहरं त्या यादीत होती. पुण्यातले बीआरटी मार्ग, जंगली महाराज रस्त्यावरचे रुंद पदपथ, पार्किंगचं धोरण, भाड्याच्या सायकली अशा गोष्टींचा त्यात विचार झाला होता.

ती बातमी आली तेव्हा आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकानं लिहिलं, "चांदणी चौकात दीड तास उभा आहे, तिथं कुणाला पुरस्कार द्यायचा?" हसायला आलं, पण त्याचं चुकलं नव्हतं. चांदणी चौकाचा नवा पूल १२ ऑगस्ट २०२३ ला सुरू झाला, म्हणजे पुरस्कारानंतर तीन वर्षांहून जास्त काळानं. शहराचा पुरस्कार शहराच्या हद्दीपुरता असतो. आपण हद्दीच्या पलीकडं राहतो आणि कामाला, दवाखान्याला, कॉलेजला हद्दीच्या आत जातो.

कागदावरचे चार शब्द

आता थोडं किचकट आहे, पण हे शब्द एकदा कळले की अधिकाऱ्यांपुढं बोलताना जीभ अडखळत नाही.

'भारमान' म्हणजे गाडीतल्या जागांपैकी किती जागा भरून पळाल्या, त्याची टक्केवारी. 'ईपीके' म्हणजे एका किलोमीटरमागं मिळालेलं उत्पन्न. 'केपीटीएल' म्हणजे दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर गेली. आणि 'रद्द किलोमीटर' म्हणजे ठरलेल्या फेऱ्यांपैकी जे अंतर गाडी धावलीच नाही ते. याशिवाय अपघात मोजतात तो दर लाख किलोमीटरमागं, आणि बंद पडणं म्हणजे ब्रेकडाऊन, तेही किलोमीटरच्याच हिशेबात.

आता बघा, यातला प्रत्येक आकडा डोंगरातल्या गाडीच्या विरोधात जातो. घाटात गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरवर चालते, म्हणून डिझेल जास्त. रस्ता खराब, म्हणून पाटे तुटतात, टायर जातात, ब्रेकडाऊन जास्त. वस्ती विरळ, म्हणून भारमान कमी. शाळेच्या मुली, म्हातारी माणसं, बाया हेच जास्त प्रवासी, म्हणून तिकिटाची थेट रक्कम कमी. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीत अहिल्यादेवी होळकर योजनेचा मोफत पास आहे, ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास फुकट आहे, १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. या सवलतींचे पैसे सरकार महामंडळाला देतं. पण संध्याकाळी वाहकाच्या पेटीत रोख किती जमा झाली, एवढंच बघून कुणी गाडीची लायकी ठरवली तर आपली गाडी नापासच होणार.

मुळशीत त्यात आणखी एक भानगड आहे. १९२१ ते १९२४ असा सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला, तरी टाटांचं धरण झालंच. खोऱ्यात पाणी भरलं आणि रस्ते पाण्याच्या कडेनं वळसे घेत गेले. समोरच्या काठावरचं गाव डोळ्याला दिसतं, हाक मारली तर कुत्रं भुंकल्याचं ऐकू येतं, पण गाडीनं जायचं तर तासभर. माणसं तेवढीच, किलोमीटर मात्र वाढले. किलोमीटरमागचं उत्पन्न काढलं की हा वळसा आपल्या डोक्यावर बसतो. पाणी गेलं पश्चिमेला भिऱ्याच्या वीजघरात, वळसा राहिला आपल्याकडं.

शेपटी कापल्याचा हिशेब

हा भाग जरा सावकाश वाचा. जमलं तर वही-पेन घेऊन वाचा.

समजा पौडवरून संध्याकाळी एक गाडी सुटते. शेवटचं गाव ३० किलोमीटरवर. गाडीत ४४ जागा. पौडला ४० माणसं बसली. दहा किलोमीटरनंतर बरीच उतरली, उरली २५. पुढच्या दहा किलोमीटरनंतर उरली ८. ती आठ माणसं शेवटपर्यंत गेली.

भारमान काढायचं तर माणसं गुणिले किलोमीटर असं करायचं. ४०० अधिक २५० अधिक ८०, झाले ७३०. गाडीची एकूण क्षमता ४४ गुणिले ३०, म्हणजे १,३२०. भागाकार केला की भारमान येतं ५५ टक्के.

आता कार्यालयात बसलेला माणूस कागद बघतो. त्याला दिसतं की शेवटच्या दहा किलोमीटरला ४४ जागांत फक्त ८ माणसं, म्हणजे १८ टक्के. तो म्हणतो, हा तुकडा काढून टाका. गाडी २० किलोमीटरवरूनच मागं फिरवा. नवा हिशेब : ६५० भागिले ८८०. भारमान ७४ टक्के. वा! कागदावर गाडी एकदम हुशार झाली. पुढच्या बैठकीत टाळ्या.

पण त्या आठ माणसांचं काय होतं? ती रात्री दहा किलोमीटर चालणार नाहीत. ती पौडलाच त्या गाडीत बसणार नाहीत. कुणी कर्ज काढून मोटारसायकल घेईल, कुणी जीपच्या मागच्या फळीवर लटकेल, कुणी पोरीला मामाच्या गावाला ठेवेल. म्हणजे पहिल्या वीस किलोमीटरमधूनही ती आठ माणसं गेली. मग पौडला बसले ४० ऐवजी ३२, पुढं २५ ऐवजी १७. ३२० अधिक १७०, झाले ४९०. भागिले ८८०. भारमान पुन्हा आलं ५५ टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे शेपटी कापली, आठ घरं तोडली, आणि टक्केवारी जिथं होती तिथंच आली. मग पुढच्या वर्षी दुसरा कुणी अधिकारी येतो आणि मधला तुकडा बघतो, १७ माणसं. पुन्हा कात्री.

हे आकडे मी समजावण्यासाठी घेतलेत, कुठल्या एका फेरीचे नाहीत. तुमच्या गाडीचे आकडे घालून बघा, उत्तर थोडं वरखाली होईल, पण चाल अशीच असते.

पुणे-पिंपरीची पीएमपी गाडी आपल्या पट्ट्यात येते, तिचा हिशेब आणखी वेगळा आहे. २००७ मध्ये पीएमटी आणि पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपी झाली. तिची मालकी दोन महापालिकांची. तोटा आला तर पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के असा भार उचलतात. एसटीचा संप २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला, त्या काळात पीएमपीनं ग्रामीण भागात बरेच मार्ग वाढवले. पुढं २०२२ च्या शेवटी शहराबाहेरचे तोट्यातले मार्ग टप्प्याटप्प्यानं बंद करायचा निर्णय बातम्यांत आला. त्यांच्या बाजूनं बघितलं तर प्रश्न बरोबर आहे, की पुण्याच्या करदात्यानं डोंगरातल्या गाडीचा तोटा का भरावा? पण हिंजवडीच्या कंपनीत झाडलोट करायला, कोथरूडच्या सोसायटीत स्वयंपाकाला, पिरंगुटच्या कारखान्यात पाळीला जाणारी माणसं याच गाडीनं जातात. शहराचा दिवस त्यांच्यामुळं सुरू होतो. ते कुठल्या रकान्यात लिहायचं, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

मुक्कामी गाडी

आता ज्या कामगिरीला कुठलंच बक्षीस नाही तिच्याबद्दल.

मी १९९७ ला अकरावीला होतो. गावाला मुक्कामी गाडी होती. रात्री साडेआठच्या सुमारास यायची, पहाटे सहाला निघायची. चालक-वाहक देवळाच्या ओवरीत झोपायचे. पावसाळ्यात ओवरी गळायची, मग गाडीतच सीटवर आडवे व्हायचे. जेवण आळीपाळीनं एकेका घरचं. आमच्याकडं पाळी असली की आई इंद्रायणीचा भात आणि सुकटीची चटणी करायची. चालक मामा नगरकडचे होते, त्यांना भात फारसा चालायचा नाही, भाकरी लागायची. आईनं कधी विचारलं नाही, दुसऱ्या खेपेपासून भाकरी सुरू झाली.

सकाळी मामा दोनदा हॉर्न वाजवायचे. पहिला हॉर्न म्हणजे उठा. दुसरा म्हणजे आता मी निघालो. दोन हॉर्नच्या मधल्या वेळात अर्धा गाव आवरायचा. टपावर दुधाच्या किटल्या चढायच्या. पुण्यात शिकणाऱ्या पोरांचे डबे वाहक मास्तरांच्या सीटशेजारी ठेवले जायचे, प्रत्येकावर कापडाची चिंधी बांधून नाव लिहिलेलं. माझा थोरला भाऊ दोन वर्षं असा डब्यावर शिकला. डबा एकदाही हरवला नाही. एकदा बदलला, दुसऱ्याच्या डब्यात मटण निघालं आणि भावानं परत दिला नाही, तो भाग वेगळा.

बाळंतपणाला अडलेली बाई, विंचू चावलेलं पोरगं, परीक्षेचं हॉलतिकीट घरी विसरलेली मुलगी, यांच्यासाठी गाडी थांबलेली मी बघितली आहे. यातली एकही गोष्ट भारमानात येत नाही. उलट थांबल्यामुळं उशीर झाला तर तो चालकाच्या नावावर लागतो.

नंतर एका वर्षी ती गाडी मुक्काम करेनाशी झाली. कुणी काढली, का काढली, यावर गावात अजून वाद आहेत, मी त्यात पडत नाही. मला आठवतं ते एवढंच, की आम्ही अर्ज घेऊन गेलो तेव्हा समोरच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या गावातून रोज किती माणसं चढतात?" आम्ही नऊ जण होतो. कुणी म्हटलं पंचवीस, कुणी चाळीस, एकानं तर शंभर सांगितलं. साहेबांनी टेबलावरचा कागद वळवून दाखवला. त्यांच्याकडं आकडा होता, आमच्याकडं आवाज होता. चहा पिऊन परत आलो.

तेव्हापासून मला पक्कं वाटतं, की गाडीची नोंद गावानंच ठेवली पाहिजे.

नोंद कशी ठेवायची

मी सकाळी दूध घालायला डेअरीवर असतो, गाडी समोरूनच जाते. दोन वर्षांपूर्वी श्रावणात मी डेअरीच्या भिंतीला एक वही टांगली. तारीख, गाडीची ठरलेली वेळ, आलेली वेळ, चढलेली माणसं, त्यात शाळा-कॉलेजची पोरं किती. एवढेच रकाने. गाडी आली नाही तर तसं लिहायचं, कारण कळलं तर कारण.

महिना झाल्यावर वही वाचली आणि मीच खजील झालो. माझा समज होता की गाडी निम्मे दिवस दांडी मारते. नोंदीत न आलेले दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले, आणि त्यातलेही काही दरड आलेल्या आठवड्यातले. राग एका दिवसाचा असतो, लक्षात मात्र महिनाभर राहतो. दुसरी गोष्ट दिसली ती उलटी होती. बाजाराच्या दिवशी गाडीत उभं राहायला जागा नसायची आणि पाच-सहा माणसं मागंच राहायची. मागं राहिलेल्या माणसाचं तिकीट फाटत नाही, म्हणून तो कुठल्याच कागदावर नसतो. तो फक्त आमच्या वहीत होता.

अशी तीन महिन्यांची वही तुमच्याकडं असली तर ती दोन कामाला येते. फेरी काढायची वेळ आली तर मागणीला जोड म्हणून. आणि चांगलं काम करणाऱ्या चालक-वाहकाचं नाव कळवायला पुरावा म्हणून. दुसऱ्या कामासाठी आपण कधी कागद वापरलेलाच नाही. तक्रारीचे अर्ज भरपूर जातात. अमक्या चालकानं तीन महिन्यांत एकही खाडा केला नाही, पावसात रोज वेळेवर आला, असं पत्र मी आजवर कुणाला लिहिताना बघितलेलं नाही.

पत्र कुणाला लिहायचं? एसटीची गाडी असेल तर ज्या आगाराची गाडी त्या आगार व्यवस्थापकाला, आणि प्रत पुणे विभागाच्या विभाग नियंत्रकांना. गाडी कुठल्या आगाराची ते वाहकाला विचारलं तरी कळतं. पीएमपीची असेल तर संबंधित आगाराला आणि स्वारगेटच्या मुख्यालयाला. पत्रात गाडी नंबर, मार्ग, वेळ, चालक-वाहकाच्या बिल्ल्याचा नंबर आणि तारखा पाहिजेत. "फार चांगले आहेत" एवढ्यानं काही होत नाही. "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इतक्या दिवसांपैकी इतके दिवस वेळेवर" असं लिहिलं की ते फाइलला लागतं. पोच घ्या, शिक्क्यासह.

याला ग्रामसभेचा ठराव जोडला तर वजन येतं. ग्रामसभा भरायचे दिवस बघा : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. म्हणजे तिकडं शहरात चालकाचा सत्कार होतो त्याच दिवशी इकडं आपली ग्रामसभा असते. गाडीच्या चालक-वाहकाला त्या दिवशी व्यासपीठावर बोलवायला पाच मिनिटं आणि एक नारळ लागतो. १ जून हा एसटीचा वर्धापन दिन, तोही चालेल, पण तेव्हा आपण पेरणीच्या गडबडीत असतो आणि शाळा बंद असते, पोरं नसतात. मला १५ ऑगस्ट बरा वाटतो. भरपावसात गाडी आणणाऱ्या माणसाचा सत्कार भरपावसातच झालेला बरा.

यावर एका मित्राचं म्हणणं वेगळं आहे, तेही सांगतो. तो म्हणतो, "चालकाला नारळ देऊन काय उपयोग, फेऱ्या ठरवतो साहेब." मुद्दा खरा आहे. पण डोंगरातली ड्युटी सहसा कुणाला नको असते. ज्या गावात मान मिळतो, झोपायला कोरडी जागा आणि संडास-बाथरूमची सोय मिळते, तिथं जायला चालक तयार होतात, आणि चालक तयार असला की वेळापत्रक करणाऱ्याचं काम सोपं होतं. मुक्कामी गाडी परत मागायची असेल तर आधी मुक्कामाची खोली दाखवता आली पाहिजे. महिला चालकही आता एसटीत आहेत, २०२३ च्या जूनमध्ये सासवड-नीरा मार्गावर महिला चालकानं गाडी नेल्याची बातमी आपण वाचली असेल. उद्या आपल्या गावाला महिला वाहक किंवा चालक मुक्कामाला आली तर देवळाची ओवरी चालणार आहे का?

शेवटी एक बारीक गोष्ट, पण वहीपेक्षाही महत्त्वाची. आमच्या इथले एक आजोबा ८० च्या पुढचे आहेत. एसटीत बसले की म्हणतात, "मला फुकट हाय, तिकीट कशाला फाडतो?" आजोबा, फुकट असलं तरी मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट निघतं, ते मागून घ्या. सरकार महामंडळाला जे पैसे देतं ते त्या तिकिटाच्या हिशेबानं, आणि तुम्ही गाडीत होता याचा तो एकच कागद आहे. बायांनीही अर्धं तिकीट प्रत्येक वेळी घ्यायचं, वाहक ओळखीचा आहे म्हणून "राहू द्या मास्तर" म्हणायचं नाही. पास असलेल्या मुलींनी पास दाखवायचा. आमच्या डेअरीवरच्या वहीत आता हा एक रकाना वाढवला आहे : तिकीट घेतलं का, हो किंवा नाही. परवा आजोबांच्या नावापुढं पहिल्यांदा 'हो' लागलं.